मृच्छकटिकातील गौण पात्रे

शूद्रकाच्या मृच्छकटिक या दहा अंकी संस्कृत प्रकरणातील नायक-नायिकांखेरीजची पात्रे व नाट्यरचनेतील त्यांचे कार्य. दारिद्र्यात पडलेला ब्राह्मण सार्थवाह चारुदत्त आणि उज्जयिनीतील विख्यात गणिका वसंतसेना यांचे प्रेम हा या प्रकरणाचा मुख्य विषय होय. तथापि त्यात तीसच्या आसपास पात्रे वावरतात आणि त्यांतील बहुसंख्य समाजाच्या खालच्या किंवा कडेच्या थरांतील आहेत. जुगारी, अंगमर्दन करणारा सेवक, घरफोड्या, गाडीवान, दासदासी, नगररक्षक, न्यायसभेतील कारकून, बौद्ध भिक्षू व वध करणारे चांडाळ असा हा समुदाय आहे. शूद्रकाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. नाटकाच्या प्रस्तावनेत खुद्द शूद्रकाच्या अग्निप्रवेशाचा उल्लेख असल्याने ती प्रस्तावना, निदान तिचा काही भाग, अन्य कोणाचा असावा हे उघड आहे. काळनिर्णयाचा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी इतक्या विविध सामान्य माणसांना इतके काम देणारे दुसरे संस्कृत नाटक उपलब्ध नाही, हे मान्य करावे लागते.

संस्कृत नाट्यशास्त्राने गौण पात्रांचा विचार मुख्यतः नायकाच्या संदर्भात केला आहे. मुख्य कथेला दीर्घकाळ साहाय्य करणारे उपकथानक ती ‘पताका’ आणि अल्पकाळ साहाय्य करणारे ते ‘प्रकरी’. विट, चेट व विदूषक हे नायकाचे शृंगारातील सहायक, अशी ही व्यवस्था आहे. तीत गौण पात्राला स्वतःचा हेतू असण्याची गरज नसते. शाकुंतलातील माढव्य राजाची करमणूक करतो व अडचणीच्या वेळी त्याला राजधानीत पाठवून देता येते. अंगठी सापडलेला धीवर आणि त्याला धरून आणणारे रक्षक हा त्या नाटकातील अत्यंत जिवंत प्रवेश. परंतु अंगठी राजाकडे पोचताच त्यांचे काम संपते. मुद्राराक्षसात गौण पात्रांची संख्या मोठी आहे, पण त्यांतील बहुतेक चाणक्याने योजलेले हेर असून त्यांची प्रत्येक हालचाल आज्ञेने होते. त्या नाटकाच्या अखेरीस येणारे चांडाळदेखील खरे नव्हेत. ते वेषांतर केलेले सिद्धार्थक व समिद्धार्थक आहेत. मृच्छकटिकातील चांडाळ मात्र खरेच चांडाळ आहेत. या नाटकातील गौण पात्रे कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या निर्णयाने वागतात. नायकाचा प्राण अखेर वाचतो तो अशा निर्णयांच्या साखळीमुळे. स्वतः चारुदत्त आठव्या अंकापासून पुढे जवळजवळ काहीच करीत नाही.

भासाच्या नावावर असलेल्या चारुदत्त या चार अंकी नाटकाशी तुलना केल्यास शूद्रकाचा कल अधिक स्पष्ट होतो. त्रिवेंद्रम येथे म. म. टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून प्रसिद्ध केलेल्या नाटकचक्रात ते प्रकाशात आले. मृच्छकटिकाचे पहिले चार अंक त्याच्याशी इतके जुळतात, की एकाने दुसऱ्याचा आधार घेतला आहे याविषयी शंका उरत नाही. सामान्यतः मृच्छकटिक हे उत्तरकालीन मानले जाते. ते मत स्वीकारले, तर शूद्रकाने मूळ प्रेमकथेत जी भर घातली, ती प्रामुख्याने गौण पात्रांची होय. चारुदत्तात संवाहक पळत वसंतसेनेच्या घरी येतो. त्याच्यामागचे जुगारी रंगभूमीवर येत नाहीत. तेथे आर्यक नाही, चंदनक व वीरक नाहीत, स्थावरकाची कसोटी नाही, न्यायसभा नाही व चांडाळही नाहीत. वसंतसेना चारुदत्ताच्या भेटीस निघते, तेथेच ते नाटक थांबते. शूद्रकाला मात्र त्या भेटीनंतरच्या नगराविषयी अधिक सांगावयाचे होते.

दुसऱ्या अंकातील द्यूतप्रवेश हा या दृष्टीने नमुन्यादाखल घेता येईल. संवाहक हा मूळचा पाटलिपुत्राचा, गृहस्थाचा मुलगा. अंगमर्दन त्याने कला म्हणून शिकले आणि पुढे तेच त्याच्या पोटाचे साधन झाले. उज्जयिनीत तो चारुदत्ताच्या सेवेत राहिला. धन्याची संपत्ती गेली तेव्हा तो जुगाराच्या नादी लागला. दहा सुवर्ण हरून तो पळतो, उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरतो आणि देवाच्या रिकाम्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. माग काढीत आलेले सभिक माथुर व त्याचा जोडीदार त्याला ओळखतात, पण हात न लावता त्याच्यासमोरच डाव मांडून बसतात. फाशांच्या आवाजाने मूर्तीला राहवत नाही. प्रवेश विनोदी आहे. परंतु याच माणसाला पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन सोडविते, तो विरक्त होऊन शाक्य भिक्षू बनतो आणि आठव्या अंकात पाचोळ्याखाली निश्चेष्ट पडलेल्या वसंतसेनेला तोच सावध करतो. ती उठू पाहते, तेव्हा स्त्रीस्पर्श टाळण्यासाठी तो वेल वाकवून तिच्या हाती देतो. फाशांचा आवाज ऐकून व्रत मोडणारा जुगारी आणि संकटसमयीही भिक्षूचा नियम सांभाळणारा श्रमण हा एकच मनुष्य आहे. हे परिवर्तन शूद्रकाने भाषणाने नव्हे, तर या दोन कृतींनी दाखविले आहे.

याच प्रवेशातील दर्दुरक नाटकात एकदाच येतो. माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकून तो संवाहकाला पळावयास वाव देतो आणि आता या नगरात आपला निभाव लागणार नाही हे ओळखून आर्यकाच्या पक्षाला जाऊन मिळण्यासाठी निघून जातो. राजा पालकाविरुद्ध उठाव शिजत आहे, ही बातमी प्रेक्षकाला प्रथम मिळते ती अशी एका जुगाऱ्याच्या तोंडून. दर्दुरकाने केलेली द्यूताची प्रशंसा जुन्या अलंकारशास्त्रज्ञांनाही भावलेली दिसते. शूद्रकाचा नावाने उल्लेख करणारा वामन (इ. स. आठवे शतक) आपल्या काव्यालंकारसूत्रवृत्तीत तिचा उदाहरणादाखल निर्देश करतो.

शर्विलक हा याहून मोठा. चार वेद जाणणाऱ्या ब्राह्मणाचा हा मुलगा वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडविण्यासाठी चोरी करतो. घरफोडीचे जणू शास्त्रच त्याला अवगत आहे. भिंतीला कोणत्या आकाराचे भोक पाडावे याचा तो रसिकतेने विचार करतो आणि मोजण्याची दोरी विसरली असता जानवे त्या कामी वापरतो. (हेच यज्ञोपवीत दहाव्या अंकात पुन्हा येते. वधस्थानी निघालेला चारुदत्त आपल्या मुलाला देण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून ते त्याच्या हाती देतो.) चौथ्या अंकात मदनिका मुक्त होते आणि दोघे गाडीत बसून निघतात, तोच आर्यकाला राजाने बंदिवान केल्याची दवंडी कानी येते. नुकतीच मिळालेली पत्नी मित्राच्या घरी पाठवून शर्विलक तेथूनच मित्राला सोडविण्यासाठी निघतो. मदनिकेचे धैर्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. ती त्याला अडवीत नाही. फक्त आपल्याला वडीलधाऱ्यांकडे पोचविण्यास सांगते. ज्याच्यासाठी एवढी चोरी केली ते सुख क्षणभरही न उपभोगता सोडणारा हा चोर आणि त्याची पत्नी यांच्या प्रेमकथेने मुख्य प्रेमकथा काही काळ झाकोळून जाते. हा शूद्रकाच्या रचनेतील दोष मानावा की गुण, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु पालकाचा वध करून नाटकाचा शेवट घडवून आणणारा पुरुष हाच असल्यामुळे त्याला पुरेसा अवकाश देणे नाटककाराला आवश्यक होते.

सहाव्या अंकातील गाड्यांची अदलाबदल ही निव्वळ योगायोगावर बेतलेली वाटते. तिचे बारकावे पाहिले म्हणजे ती दोन गाडीवानांच्या स्वभावातून घडते हे ध्यानात येते. चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक गाडीतील बैठक विसरतो व ती आणण्यासाठी गाडी परत नेतो. शकाराचा गाडीवान स्थावरक वाटेत खेड्यातल्या गाड्यांनी रस्ता अडल्यामुळे थांबतो आणि एका अडलेल्या गाडीचे चाक फिरविण्यास मदत करण्यासाठी खाली उतरतो. तेवढ्यात वसंतसेना त्याच्या गाडीत चढते. तुरुंग फोडून पळालेला आर्यक वर्धमानकाच्या गाडीत शिरतो आणि त्याच्या पायांतील बेडीच्या आवाजाला गाडीवान पैंजणांचा आवाज समजतो. एकाचा विसरभोळेपणा व दुसऱ्याची मदतीची वृत्ती एवढ्या सामग्रीवर शूद्रकाने नायिकेचा घात आणि राज्यक्रांती या दोन्ही घटना उभ्या केल्या आहेत.

त्याच अंकातील वीरक व चंदनक यांचा कलह नाटकातील उत्कृष्ट प्रवेशांपैकी एक होय. दोघेही राजाचे रक्षक. चंदनक गाडीत डोकावतो आणि आर्यकाला ओळखतो. हा आपले प्राण वाचविणाऱ्या शर्विलकाचा मित्र, शिवाय बसला आहे तो चारुदत्ताच्या गाडीत, असा विचार करून तो त्याला अभय देतो. वीरकाला सांगताना मात्र त्याच्या तोंडून पुल्लिंगी शब्द निसटतो आणि तो लगेच बदलून तो स्त्रीलिंगी करतो. वीरकाला संशय येतो. तेव्हा आपण दक्षिणेकडील माणसे अस्पष्टच बोलतो, अनेक देशांच्या भाषा कानी पडल्याने लिंगाचा असा घोटाळा होतो, अशी सारवासारव तो करतो आणि अखेर कर्नाटकी पद्धतीचे भांडण उकरून काढण्याचे ठरवितो. शूद्रक दक्षिणेतील असावा असे मानणारे अभ्यासक या प्रवेशाचा व दहाव्या अंकातील चांडाळाच्या तोंडच्या सह्यवासिनी देवीच्या धाव्याचा आधार घेतात. भांडणात दोघे परस्परांची जात काढतात. एक न्हावी, दुसरा चांभार. हातांच्या खुणांनी धंदा सुचवून केलेली ही चिखलफेक हास्यकारक असली, तरी राजाच्या अधिकाराची वस्त्रे ल्यालेल्या माणसालाही जात चिकटलेली आहे हे ती दाखविते. वीरकाला शूद्रकाने दुष्ट रंगविलेले नाही. राजकार्यात मी बापालाही ओळखत नाही, असे म्हणणारा तो कर्तव्यदक्ष रक्षक आहे. लाथ खाल्ल्यावर तो न्यायसभेत दाद मागण्यास जातो, आणि त्याची ती रास्त तक्रारच चारुदत्ताला भोवते.

नवव्या अंकातील ‘व्यवहार’ म्हणजे न्यायसभेचा प्रसंग हा गौण पात्रांच्या योजनेचा मध्यबिंदू म्हणता येईल. वसंतसेनेचा गळा दाबून तिला मेली समजून सोडून आलेला शकार चारुदत्तावर खुनाचा आरोप ठेवतो. प्रथम त्याची फिर्याद घेण्यास नाखूष असलेला अधिकरणिक राजाच्या या मेहुण्याने बदलीची धमकी देताच ती दाखल करून घेतो. यानंतर जे साक्षीदार येतात त्यांतील एकही खोटे बोलत नाही, ही या खटल्याची विलक्षण बाब आहे. मुलगी कोणाकडे गेली होती, असे विचारता वसंतसेनेची आई संकोचाने पण खरे तेच सांगते. मारहाणीची फिर्याद घेऊन आलेला वीरक वसंतसेनेला पुष्पकरंडक उद्यानाकडे नेणारी चारुदत्ताची गाडी आपण अडविली होती असे सांगतो. त्याच्या समजुतीप्रमाणे हेही खरेच आहे. अधिकरणिक त्याला घोड्यावरून उद्यानात पाठवितो आणि तो श्वापदांनी खाल्लेले स्त्रीचे प्रेत पाहून परत येतो. प्रेतही खरे आहे. वाटेत झाड कोसळून एक स्त्री दगावल्याचे विटाने आधीच्या अंकात पाहिलेले असते. शेवटी मैत्रेय धावत येतो. वसंतसेनेने रोहसेनाच्या मातीच्या गाडीत भरलेले दागिने तिला परत करण्यासाठी तो निघालेला असतो. मित्रावरील आरोप ऐकून तो शकारावर तुटून पडतो आणि झटापटीत ते दागिने त्याच्या काखेतून सर्वांदेखत खाली पडतात. आईचा प्रामाणिकपणा, रक्षकाची निष्ठा, मित्राचे प्रेम आणि एका मुलाचे रडे थांबविण्यासाठी दाखविलेले औदार्य, या साऱ्या चांगल्या गोष्टी एकत्र येऊन निरपराध्याला दोषी ठरवितात. चारुदत्तालाही मोकळेपणाने बोलता येत नाही. गाडीत खरोखर कोण होते हे सांगावे, तर अभय दिलेल्या आर्यकाचा घात होतो.

या अंकात वसंतसेनेच्या आईचे झालेले दर्शन लक्षणीय आहे. चौथ्या अंकात मैत्रेय तिच्या स्थूल देहाची यथेच्छ टवाळी करतो आणि प्रेक्षकाच्या मनात तिची तेवढीच प्रतिमा उरते. न्यायसभेत तीच वृद्धा, आपली मुलगी मेली तर मेली पण हा जगावा, अशी याचना करते आणि वादी खरे तर आपण आहोत, तेव्हा याला सोडून द्या, असा बिनतोड कायदेशीर मुद्दाही मांडते. सभेतील शिकल्यासवरल्या माणसांना जे सुचले नाही ते तिला सुचते. शकार तिला बाहेर काढावयास लावतो. अधिकरणिक सज्जन आहे, शास्त्रज्ञ आहे, आरोपीचा चेहरा पाहून त्याच्या निर्दोषतेविषयी त्याला खात्रीही वाटते. परंतु निर्णय आपला, दंड राजाचा, असे म्हणून तो मोकळा होतो. मनुस्मृतीप्रमाणे ब्राह्मणाला वधदंड न देता हद्दपार करावे ही त्याची शिफारस पालक धुडकावतो. पालक स्वतः रंगभूमीवर कधीच येत नाही. त्याची सत्ता केवळ हुकूम, दवंड्या आणि शकाराची मस्ती यांच्या रूपाने जाणवते.

ज्याची साक्ष चारुदत्ताला वाचवू शकली असती, तो मनुष्य मात्र न्यायसभेत येतच नाही. तो म्हणजे शकाराचा विट. तो सुसंस्कृत व बहुश्रुत आहे, संस्कृत बोलतो, वसंतसेनेविषयी त्याला मनापासून आदर आहे. पहिल्या अंकात शकाराने रदनिकेला चुकून धरल्यावर मैत्रेयाच्या पाया पडून क्षमा मागणारा तोच. आठव्या अंकात वसंतसेनेला मारण्याची आज्ञा तो स्पष्टपणे नाकारतो. पण शकाराच्या थापेला भुलून तिला त्याच्या हाती एकटी सोडून दूर जातो. परत आल्यावर शकाराच्या तोंडून त्याचे कृत्य त्याला कळते, तो शोक करतो, तलवार उपसतो आणि शर्विलक-चंदनकादिकांच्या गटात सामील होण्यासाठी निघून जातो. बंडखोरीचा मार्ग त्याने निवडला हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच अपराधासाठी एका निरपराध माणसाची चौकशी चालू असताना खरे काय घडले हे जाणणारा हा प्रतिष्ठित पुरुष तेथे नाही.

तेथे पोचतो तो स्थावरक, आणि तोही उशिरा. स्थावरक हा शकाराचा दास. वसंतसेनेला मार, असे सांगत धनी त्याच्यापुढे सोन्याच्या कड्यांचे आमिष धरतो, मग मारतो. आपल्या देहावर धन्याचा अधिकार आहे, शीलावर नाही, असे तो उत्तर देतो. पूर्वकर्माने आपण जन्मतः दास झालो, आता आणखी पाप विकत घेणार नाही, एवढे साधे त्याचे तत्त्वज्ञान आहे. शकार त्याला वाड्याच्या माडीवर बेड्या घालून कोंडतो. चारुदत्ताला वधाकडे नेताना होणारी घोषणा ऐकून हा दास खिडकीतून खाली उडी टाकतो आणि मिरवणुकीसमोर उभा राहून खरा अपराधी कोण ते सांगतो. शकार गुपचूप त्याला कडे देऊ पाहतो. ते तो सर्वांना उघड करून दाखवितो. तेव्हा शकार तेच कडे पुरावा म्हणून पुढे करतो : हे त्याने चोरले, म्हणून मी त्याला मारले व कोंडले, म्हणून तो खोटे बोलतो. चांडाळ त्याच्या पाठीवरील वळ पाहतात आणि त्यांना धन्याचे म्हणणे पटते. दासाने सांगितलेले सत्य कोणाला पटत नाही, अशी खंत व्यक्त करून स्थावरक चारुदत्ताच्या पाया पडतो आणि याहून अधिक आपल्या हाती नाही असे म्हणतो. संपूर्ण नाटकात सत्य इतक्या उघडपणे व इतक्या निरर्थकपणे दुसऱ्या कोणीही बोलत नाही. विट व स्थावरक यांची ही जोडी शूद्रकाने हेतुपुरस्सर योजली असावी. आठव्या अंकात एकाच आज्ञेला दोघे एकामागून एक नकार देतात, आणि नंतर ज्याच्या शब्दाला वजन आहे तो निघून जातो, ज्याच्या शब्दाला वजन नाही तो उडी टाकतो.

चांडाळांच्या चित्रणातही हीच दृष्टी आहे. आज वध करण्याची पाळी कोणाची, यावरून ते हुज्जत घालतात, हिशेब करतात. त्यांतील एकाला वडिलांनी मरताना सांगितलेले असते, की वध्याला एकदम मारू नये. एखादा सज्जन पैसे भरून त्याला सोडवील, राजाला पुत्र होऊन बंदी मुक्त होतील, हत्ती मोकाट सुटून गडबड उडेल किंवा कदाचित राज्यच बदलेल. वंशपरंपरेने चालत आलेले हे व्यावसायिक शहाणपण हास्यकारक वाटते, पण पुढच्या काही क्षणांत राज्य खरोखरच बदलते. रोहसेन त्यांना चांडाळ म्हणून हाक मारतो, तेव्हा चांडाळकुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे, साधूला छळणारे ते चांडाळ, असे ते उत्तर देतात. मुलासकट बापाला मारा, ही शकाराची सूचना ते राजाची तशी आज्ञा नाही म्हणून फेटाळतात. अधिकरणिकाने नियमाच्या आड राहून जबाबदारी टाळली. या दोघांनी नियमाचाच आधार घेऊन एक मूल वाचविले.

मैत्रेयाविषयी विस्ताराने लिहिण्याचे येथे कारण नाही, कारण संस्कृत नाटकांतील विदूषकांच्या अभ्यासात त्याचा विचार बराच झालेला आहे. गो. के. भट यांनी मृच्छकटिकावरील प्रास्ताविक ग्रंथात (१९५३) व विदूषकावरील प्रबंधात (१९५९) त्याची चिकित्सा केली आहे. तो खादाड व भित्रा असला, तरी दारिद्र्यात मित्राला न सोडणारा आहे, एवढे नोंदविणे पुरेसे होय. धूता दोनतीनदाच येते. परंतु चोरीला गेलेल्या दागिन्यांच्या बदल्यात आपली रत्नमाला देताना व्रताचे निमित्त सांगून ती पतीचा स्वाभिमान राखते. रोहसेनाच्या मातीच्या गाडीवरून नाटकाला नाव मिळाले आहे. ही तुझी आई, असे रदनिका त्याला सांगते, तेव्हा आई असेल तर अंगावर एवढे दागिने कसे, असा प्रश्न तो विचारतो. आपल्या घरातील दारिद्र्य मुलाला माहीत आहे, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

पात्रांच्या भाषांतही शूद्रकाने असाच भेद राखला आहे. टीकाकार पृथ्वीधराच्या विवेचनानुसार वसंतसेना, तिची आई, मदनिका, धूता इ. शौरसेनी बोलतात, मैत्रेय प्राच्या, वीरक व चंदनक अवंतिका, संवाहक व तिन्ही चेट मागधी बोलतात. शकाराची शाकारी, चांडाळांची चांडाली आणि माथुर व त्याचा जोडीदार यांची ढक्की अशी वेगळी नावे तो देतो. दर्दुरक व शर्विलक हे जुगारी आणि चोर असूनही संस्कृत बोलतात. भाषेवरून शील ठरत नाही, हे यावरून प्रेक्षकाला कानांनीच कळते. मराठी वा इंग्रजी अनुवादात हा अर्थ हरवतो. आर्थर रायडर यांनी आपल्या इंग्रजी अनुवादाच्या (१९०५) प्रस्तावनेत शूद्रकाची माणसे कोणत्याही देशात शोभतील असे म्हणताना शकार, मैत्रेय व मदनिका यांची नावे घेतली. त्यांत नायक व नायिका नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे.

मराठी रंगभूमीवर हे नाटक रुजले ते गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या संगीत मृच्छकटिकामुळे. देवलांची भाषा प्रासादिक असून शकार व मैत्रेय यांचे संवाद मराठी प्रेक्षकांच्या विशेष आवडीचे ठरले. बालगंधर्वांची वसंतसेना गाजली. तथापि संगीत नाटकाचा ओढा पदांकडे व पर्यायाने प्रमुख पात्रांकडे असल्याने, गाण्यास फारसा वाव नसलेले चंदनक, स्थावरक यांसारखे लोक मागे पडणे अपरिहार्य होते. याउलट हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये दिल्लीत सादर केलेल्या मिट्टी की गाडी या हिंदी प्रयोगात छत्तीसगढमधील लोककलावंतांना घेतले व नाटकातील नगरजीवनाला प्राधान्य दिले. मूळ संहितेच्या वृत्तीशी ही दिशा अधिक जुळणारी होती. गिरीश कार्नाड यांचा उत्सव (१९८४) हा चित्रपटही याच कथावस्तूवर आधारलेला आहे.

शूद्रकाच्या औदार्यालाही त्याच्या काळाची मर्यादा आहे. दहाव्या अंकाच्या अखेरीस बक्षिसांची वाटणी होते. भिक्षूला सर्व विहारांचा कुलपती करतात, स्थावरक दास्यातून मुक्त होतो, चंदनकाला रक्षकांचे प्रमुखपद मिळते. चांडाळांना सर्व चांडाळांचे अधिपती करतात, म्हणजे ते चांडाळच राहतात. शकाराला चारुदत्त क्षमा करतो. विटाचा व दर्दुरकाचा निर्देश नाही. वीरकाचे पुढे काय झाले तेही कळत नाही. आर्यक पडद्याआडूनच राज्य करतो आणि चारुदत्ताला कुशावतीचे राज्य देतो. नवा राजा जुन्यापेक्षा कसा वेगळा असेल, याविषयी नाटक मौन पाळते. अनेक आवृत्त्यांत याच ठिकाणी धूता अग्निप्रवेशास सिद्ध झाली असून रोहसेन, मैत्रेय व रदनिका तिला आवरीत आहेत, असा एक प्रसंग आढळतो. हा भाग नीलकंठ नावाच्या कोणा उत्तरकालीन लेखकाने घातल्याची परंपरा आहे. घरच्या माणसांना शेवटच्या प्रवेशात रंगभूमीवर आणल्यावाचून नाटक पुरे होत नाही, असे त्याला वाटले असावे. हा भाग मुळातला नसल्याचे मत सामान्यतः ग्राह्य धरले जात असले, तरी छापील आवृत्त्यांत तो बहुधा कायम ठेवलेला दिसतो.